दुसरा वाफा

अबकारीचे साहेब आले, तेव्हा झाडं मोजून तयार होती:
पहिल्या वाफ्यात चाळीस, दुसऱ्यात अडतीस.
दोन कुठे गेली?
कैलाश बामनियानं बोटानं माती उकरली,
कुजत आलेलं खोड दाखवलं.
इथंच आहेत साहेब, जेवणावळ चालू आहे.
साहेबांनी लिहिलं, 'नष्ट'.

जात भांगेचीच, पण नशा नसलेली, दोरखंडासाठी.
परवान्याच्या तीन प्रती, कुंपण, कुलूप, कॅमेरा,
आणि पिपल्याहान्याच्या रस्त्यानं जाणारी कॉलेजची पोरं:
काकू, थोडी आम्हालाही!

पहिला वाफा डॉक्टर खासगीवाल्यांचा.
काथ्याच्या भुशाच्या विटा, नळ्या, पंप,
'अ' बाटली, 'ब' बाटली.
दोन्ही दाट असताना मिसळायच्या नाहीत, तळाशी चुना बसतो.
सकाळी सातला मी मीटर बुडवायची.
एक पूर्णांक आठ. रोज एक पूर्णांक आठ.
पानं पासपोर्टच्या फोटोसारखी,
सगळी एका मापाची, कुणी हसत नसलेली.

दुसरा कैलाशचा, म्हणजे कागदावर कुणाचाच नाही.
काळी माती, शेण, राख, कडुनिंबाचा पाला,
सराफ्यातून पोत्यानं आणलेली कणसांची सालं.
ढीग तीनदा उलथायचा.
ह्या रीतीला परदेशात इंदूरचं नाव आहे म्हणे,
इंदुरात मात्र तिला उकिरडा म्हणतात.
हात घातला तर चटका बसला.
अरे, ह्याला ताप आलाय!
येऊ द्या बाई, उतरला की माती होईल.

तिथंही मीटर बुडवला.
आकडा सकाळी एक, दुपारी दुसरा.
कंटाळून रकान्यात लिहिलं: 'वास चांगला'.
डॉक्टरांनी त्याभोवती लाल गोल काढला.

खोटं कशाला सांगू, वजनात पहिला वाफा जिंकला.
दोन झाडं कमी धरूनही, सव्वा किलोनं.
काटा मीच धरला होता.
कैलाश काही बोलला नाही.
चहात त्याचं बिस्किट तुटून पडलं,
उरलेला कप त्यानं वाफ्यात ओतला.

मग नियमाप्रमाणे पंचनामा, मग सगळं जाळलं.
विटा उरल्या. मुळांनी गच्च,
वर मिठाची पांढरी साय.
सकाळी भोंगा वाजवत कचऱ्याची गाडी आली.
ओला की सुका?
गाडीला सहा कप्पे, आणि मी वीट धरून उभी.
ओला म्हणावा तर कुजायचं नाव नाही,
सुका म्हणावा तर कोपरावरून ठिबकतोय.
ताई, लवकर, अजून चार गल्ल्या आहेत!

दुसऱ्या वाफ्याचं कुणी विचारलंच नाही.
कैलाशनं त्यात मेथी फेकली,
पेरली म्हणवत नाही, फेकलीच.

महिन्यानं साहेब पुन्हा आले,
एक सही राहिली होती.
इथं आता काही शिल्लक नाही ना?
नाही, मी म्हटलं,
आणि त्यांच्या फाइलखालच्या पिशवीत
एक जुडी सरकवली, मुळांना माती तशीच ठेवून.