डावीकडची सीट

आमच्या फाटकाची रुंदी एक मीटर ब्याण्णव.
मी तीनदा मोजली.
एकदा टेपनं, एकदा तेंगोचे दोन्ही हात पसरवून,
एकदा झाडूच्या दांड्यानं, कारण टेप माझ्या दिराची होती.
सोलोलाकीच्या ह्या चढावर ज्यानं फाटक बांधलं
त्यानं घोडागाडी धरली असेल हिशेबात,
सहा माणसं आणि एक वॉकर नाही.

जुन्या ओपेलमध्ये आम्ही मावायचो ते असे:
पुढं तेंगो आणि त्याची आई,
मागं मी, दोन्ही मांड्यांवर जुळ्यांचे पाय,
आणि सोत्ने दाराला चिकटलेला.
शाळेत उतरताना त्याच्या गालावर
काचेचा थंड चट्टा असायचा.
बारा वर्षांचा मुलगा. कधी बोलला नाही,
फक्त एकदा विचारलं, मी चालत गेलो तर चालेल का?

त्या शनिवारी आम्ही रुस्तावीच्या बाजारात गेलो.
उन्हात हजार गाड्या, त्यांतल्या अर्ध्या
कुठल्यातरी दूरच्या अपघातातून उठून आलेल्या.
एकीची तिसरी रांग म्हणजे
तोंडदेखल्या दोन उशा.
एक इतकी उंच की सासूबाईंनी पायरीवर एक पाय ठेवला
आणि दुसऱ्यानं साफ नकार दिला.
विकणारा म्हणाला, बाई, ही स्वानेतीचे डोंगर चढते!
म्हटलं, मला डेझर्टर बाजारापर्यंत जायचंय
आणि परत यायचंय,
बटाट्यांसकट.

तेंगो इंजिनात डोकं घालून उभा होता
तेव्हा मी एका डेलिकाच्या शेवटच्या रांगेत जाऊन बसले.
बघावं म्हणून. गुडघे कुठं लागतात ते.
कुठंच लागत नव्हते.
सीटखाली एक इवली लाल केसांची पिन,
कप्प्यावर जपानी अक्षरांचा स्टिकर,
आणि इतक्या लांब पुढं सगळी माणसं
की कुणाचा हात माझ्यापर्यंत पोचला नसता.
मला हाका मारत होते.
मी ऐकत होते, आणि उतरत नव्हते.

तिचं स्टिअरिंग उजवीकडं,
सरकता दरवाजा डावीकडं, भर रहदारीत उघडणारा.
सगळंच चुकीच्या बाजूला.
किंमत तेवढी आमच्या बाजूची होती.

फाटकातून ती आत आली आरसे मिटून,
झुझुना वरच्या गॅलरीतून ओरडत होती,
डावीकडं! अरे, तुझी डावी नाही, माझी!
हत्ती गेला आणि शेपूट राहिलं:
मागच्या बंपरवर फाटकाचा हिरवा रंग
अजून आहे.

सोमवार. सकाळचे आठ. पॉलिक्लिनिक, मग शाळा.
समोर थांबलेली बस,
तिच्या पाठीवर दातांच्या डॉक्टरची जाहिरात.
उजवीकडं बसलेल्या तेंगोला
त्या पांढऱ्या दातांपलीकडं काहीच दिसत नव्हतं.
पुढं डावीकडं त्याची आई,
मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.
आई, रस्ता मोकळा आहे का?

ह्या बाईंनी आयुष्यात गाडी चालवली नाही.
त्यांचा आवडता शब्द 'थांब'.
लग्नाआधी तेंगोला म्हणाल्या होत्या, थांब.
नोकरी घेताना मला. 
सोत्नेच्या पोहण्याला, जुळ्यांच्या कानातल्यांना,
उकळायला आलेल्या कॉफीलासुद्धा.

त्या पुढं वाकल्या. चष्मा वर केला.
मागं दोन गाड्यांनी हॉर्न वाजवला, मग तिसरीनं.
थांब, म्हणाल्या.
थांब.
एक पिवळी मिनीबस गेली. एक पाववाला.

मग पर्सवरचा एक हात उचलून
त्यांनी काचेकडं असा झटकला
जसं कोंबडीला हुसकावतात.
जा! जा की, काय बघतोस माझ्याकडं!

सोत्ने एकटाच एका सीटवर, हसत होता.
शेवटच्या रांगेत मी
पाय दाबून धरला ब्रेकवर,
जिथं ब्रेक नव्हता.