वासाचा रकाना

ग्रिम्सबीच्या बंदरामागच्या गल्लीत
तक्रारीवरून ग्लेनिस आली,
गळ्यात कौन्सिलचं ओळखपत्र,
हातात फॉर्म. त्यात एक रकाना:
'वासाचं वर्णन, शक्यतो एका शब्दात.'

दार उघडलं क्लिफर्ड ब्लँचर्डनं.
चाळीस वर्षं हॅडक मासे सोललेली बोटं,
आणि दोन हिवाळ्यांमागच्या तापात
कामातून गेलेलं नाक.
"शेजारी म्हणतात घाण येते. तू सांग, कसली?"

शेडमध्ये फ्रीझर. बंद पडलेला. केव्हापासून, कुणास ठाऊक.
ग्लेनिसनं झाकण बोटभर उचललं
आणि लगेच दाबून धरलं.

"बोल ना," म्हातारा म्हणाला,
मॅचचा स्कोअर विचारावा तसा.

ती प्रशिक्षणातले शब्द एकेक काढू लागली.
रँसिड: खवट. पण तो जुन्या लोण्याला शोभतो.
अ‍ॅक्रिड: घशात चरचरणारा. नाही, जळलं काहीच नव्हतं.
मस्टी: कुबट. तो शेडचाच, ओल्या पोत्यांचा.
फेटिड म्हणताना ओठ आपोआप मुडपले.
पुट्रिडपाशी ती अडली.
शब्द बरोबर होता, म्हणूनच म्हणवेना.
आतल्या डब्यावर निळ्या शाईत
बाईमाणसाचं अक्षर दिसलं होतं:
'फिश पाय, दोघांपुरता.' तारीख गेल्या मार्चची.

"ऑफ झालंय," ती एवढंच म्हणाली.
तिच्या भाषेत दिवा ऑफ होतो, दूधही होतं,
आणि रविवारी माणसंही ऑफ असतात.

"बेरिल असले शब्द वापरायची नाही.
गोदीवर काही सडलं की म्हणायची, हम करतंय."
हम, म्हणजे गुणगुणणं.
इकडे दुर्गंधालाही गळा असतो.
"उभ्या जन्मात गाणं म्हटलं नाही तिनं,
पण ओहोटीला दारात उभी राहून सांगायची,
क्लिफ, आज बंदर गुणगुणतंय."

मग तो वाकला, गुडघे कुरकुरत,
आणि कान टेकवला
पांढऱ्या पत्र्याला.
इतकी वर्षं हा पत्रा खरोखर गुणगुणायचा,
रात्रभर, भिंतीपलीकडे, दोघांच्या झोपेत.

ग्लेनिसनं पेनाचं टोपण काढलं,
लावलं, परत काढलं.
छपरावर सीगल भांडत होते.
"येतंय काही ऐकू?"

त्यानं न बघता हात वर केला:
जरा थांब.