‘आंबिया बहार’ जहाजाचे घरचे नियम

पुस्तकात प्रवाशांसाठी दीडच पान आहे.
बंदुकांसाठी चाळीस.
म्हणून ही दोनशे पानी वही,
अजनीच्या रेल्वे क्वार्टरात, मे महिन्यात,
कूलरसमोर फरशीवर बसून लिहिलेली.

मी दिवसभर आरक्षणाच्या खिडकीत असते.
माणूस प्रवासाला निघतो म्हणजे काय, मला माहीत आहे:
आधी सुट्टे नसतात,
मग ओळखपत्र घरी राहिलेलं असतं,
आणि एवढं होऊन त्याला खिडकीचीच जागा हवी असते.
ताऱ्यांकडे जाणाराही खिडकीच मागेल.
झेप घेतल्यावर आठवडाभर बाहेर काही दिसत नाही,
तरी खिडकीचे शंभर जास्त घ्यावेत.
लोक देतात.

वरच्या वर्गाला खोली, गरम जेवण, एक टन सामान.
मधल्या वर्गालाही खोली, पण वरचा कोणी आला
तर सोडावी लागेल.
(पंकज ढोबळे म्हणाला, हा अन्याय आहे.
मी म्हटलं, मग आरएसी कर. एका खोलीत दोघं,
आळीपाळीनं झोपतील.
तेव्हापासून आमच्या जहाजावर निम्मी माणसं
रात्रभर बसून असतात,
आणि निम्म्या मोहिमा त्यांच्या गप्पांतून निघाल्या.)

जेवणाची तक्रार कप्तानाकडे नेऊ नये.
कप्तान निखत आहे. तिनं सावजी आचारी ठेवलाय.

लहान मुलाला जागा लागत नाही, हवा लागते,
म्हणून अर्धं भाडं.
बोकड सामानात धरावा.
फासा कूलरखाली गेला तर मोजायचा नाही.
कूलरमध्ये पाणी भरायची ज्याची पाळी,
त्याचं पात्र तेवढा वेळ झोपलेलं समजावं.
त्याला लुटू नये.

आता थंड बर्थ.
ज्यांच्याकडे पैसे नाहीत त्यांना गोठवून न्यायचं.
पोचल्यावर दोन फासे:
पाच किंवा कमी आले, तर तो माणूस उठत नाही.
पुस्तकात एवढंच. एक ओळ.
पहिल्या वर्षी आम्ही धडाधड टाकायचो,
समोशाच्या पैजासुद्धा लावायचो.

जहाजाचा डॉक्टर सुगत मेश्राम.
खरा सुगत मेडिकलमध्ये, अतिदक्षता विभागात,
श्वासाची यंत्रं सांभाळतो.
एका शनिवारी रात्रपाळीहून थेट आला,
फासे हातात घेतले, आणि खाली ठेवले.
“मी नाही टाकत बे.
याचं नाव काय आहे, ते तं सांगा.”
कोणालाच माहीत नव्हतं.
वहीत लिहिलं होतं: थंड, सात नग.
माझंच अक्षर.

त्याखाली, पेन बदलून, तेव्हाचा नियम:
फासे टाकण्याआधी नाव. गाव. वय.
घ्यायला कोण येणार.
पिशवीत काय आहे.

नावं मीच देते. खिडकीतून रोज एवढी जातात,
एखादं उचललं तर कमी पडत नाही.
तिसऱ्या बर्थवर सरुबाई उइके, बासष्ट,
देवलापारकडची,
मुलीचं बाळंतपण झालंय, नातू बघायला निघाली.
पिशवीत वाळलेली मोहफुलं आणि एक झबलं,
अंदाजानं शिवलेलं.

तिला उठवायचं राहिलंय, अडीच वर्षं झाली.
जहाज चार सूर्य हिंडून आलं.
बंदर येतं, आम्ही माल उतरवतो, जकातीवर भांडतो,
मग कोणाला तरी उशीर झालेला असतो.
पंकज हिशेब मांडून दाखवतो:
सात बर्थ अडलेले, उत्पन्न शून्य, वीज चालू.

काल निखत म्हणाली, पुरे आता,
नातू मोठा होऊन राह्यला ना बाप्पा.
फासे तिनं घेतले. मुठीत हलवले.
सुगत भिंतीकडे बघत होता.
मग तिनं हात जमिनीला टेकवला
आणि दोन्ही फासे, सावकाश, सरळ,
कूलरखाली सोडले.

कोणी वाकून पाहिलं नाही.
“मोजायचे नाही,” पंकज म्हणाला.
“हाव,” म्हणत सुगत उठला
आणि बादली आणायला गेला.
पाळी त्याची नव्हती.