शेऱ्याचा रकाना

जून संपता संपता
कार्यालयाच्या खिडकीशी पोरं येतात.
वहीच्या कागदावर अर्ज, बापाची सही जमेल तशी,
कुणाच्या आईचा अंगठा, निळा, जरा फिसकटलेला.
मी दाखला लिहिते.
प्रगती : समाधानकारक.
वर्तणूक : चांगली.
(प्रयोगशाळेची काच फोडलेल्याचीही चांगलीच.)
मग येतो तो रकाना,
शाळा सोडण्याचे कारण.

तिथं काय लिहायचं ते ठरलेलंय.
'पुढील शिक्षणासाठी.'
सोळा वर्षं हेच लिहीत आले
एकाच वळणात,
आणि जिंतूरच्या स्टँडासमोर
पुढील शिक्षणवाले
केळीच्या गाड्याशी, पंक्चरच्या दुकानात,
मंगल कार्यालयाच्या खरकट्या पातेल्यांमागं
मला ओळख न देता उभे.

एका वर्षी जनरल रजिस्टरच्या कडेला
पट्टी लावून पेन्सिलनं रेघ ओढली.
वर मथळा नाही दिला.
साहेब म्हणाले, हे काय?
म्हटलं, समास.

मुंजाजी शेंगुळे आला.
दहावी, त्रेपन्न टक्के, इंग्रजीत काठावर.
"दाखला द्या ना मॅडम, मामा न्यायलाय पुण्याला,
साइटवर."
कारण काय लिहू?
"लिहा कायबी."
शिक्का सापडंना, म्हटलं, उद्या ये.
शिक्का माझ्या मांडीवर होता, रुमालाखाली.
उद्या म्हटलं, साहेब मीटिंगला गेलेत.
परवा तर खरंच लाइट नव्हती.
चौथ्या दिवशी चिडून आला, तेव्हा त्याला आत बसवलं
आणि आयटीआयचा फॉर्म उघडला.
आईचं नाव?
बराच वेळ तो माझ्या मागच्या कपाटाकडं बघत राहिला.
"सत्यभामा.
पण कुणी म्हणत नाही तिला तसं."

वायरमन भरलं पहिल्या पसंतीला,
मिळालं शीट मेटल.
"हे काय असतंय?"
मलाही ठाऊक नव्हतं. दोघांनी मोबाइलवर बघितलं :
जाड मोजे घातलेला एक माणूस पत्रा वाकवत होता.
"हे तर आमच्या कोठ्याचंच काम," म्हणाला,
आणि हसला. चार दिवसांत पहिल्यांदा.

दिवाळीनंतर तो तिथं जाईना झाला.
निदेशकांचा मला फोन : तुमचा पोरगा कुठंय?
माझा?
माझाच म्हणून गेले त्याच्या वस्तीवर.
एसटीच्या पासचे पैसे नव्हते, एवढंच.
एवढंच असतं बहुतेक वेळा,
आणि ते सांगायची लाज त्याहून मोठी.

मी काही थोर नाही.
बापाच्या जागी अनुकंपेवर लागलेली बाई.
बारावीचा निकाल आणि त्यांचं तेरावं एकाच आठवड्यात.
माझा दाखला अजून ट्रंकेत आहे,
तेव्हाच्या कारकुनांचं अक्षर मोत्यासारखं :
पुढील शिक्षणासाठी.
कुणी शिक्का लपवला असता माझ्यापासून
दोन-चार दिवस, तर
तर काय, कोण जाणे.

समासात आता बारीक अक्षरं आहेत.
मुंजाजी, दुसरं वर्ष.
रेहाना चाँदपाशा, नर्सिंग, नांदेड;
मेसची भाजी आवडत नाही म्हणते.
नागसेन खिल्लारे, गणितात गेला, ऑक्टोबरला पुन्हा बसतोय.
पुढं काही कोऱ्या ओळी.

द्वारका खरातच्या ओळीत लिहिलं होतं : लग्न.
खोडलं.
मग लिहिलं : कारखाना, ऊसतोड.
तेही खोडलं.
फोन लागत नाही. दर महिन्याला मी लावते.
खोडून खोडून कागद तिथं इतका विरलाय
की उजेडात धरला तर
मागच्या पानावरचं नाव दिसतं.
तिच्या धाकट्या बहिणीचं.
आठवीत आहे.