सातवं झुडूप

हियूमा बेटावर मी टपाल टाकते,
कुणाकडे काय येतं ते मला आधी कळतं.
वाइकेबाईंचं खोकं एप्रिलात आलं :
ओल्या गोणपाटात सहा रोपं, मुळं उघडी,
काटे पुठ्ठ्यातून बाहेर.
माझ्या बोटातून रक्त आलं. त्या म्हणाल्या,
"म्हणजे जिवंत आहेत."

अस्टेलपायू. वाळूत तगणारं, खारं वारं पचवणारं.
त्याची नारिंगी फळं
बर्फ पडला तरी फांदी सोडत नाहीत,
आणि आंबट इतकी की कान हलतात.
बाईंना मुरंबा घालायचा नव्हता.
"जानेवारीत पाखरांना काय असतं?" एवढंच म्हणून
कुंपणाशी खड्डे खणायला लागल्या.
वय एक्याऐंशी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
खड्ड्याची खोली हात घालून मोजत होत्या,
कोपरापर्यंत आली की बास.

शेजारचा एंडेल तीस वर्षं
फेरीबोटीच्या इंजिनाशेजारी राबला,
अजून सगळ्यांशी ओरडूनच बोलतो.
"फुकटची खानावळ काढताय का?"
बाईंनी माती दाबली, उत्तर दिलं नाही.

चौथ्या वर्षी झुडपं माझ्या खांद्याला आली,
पानं चंदेरी, काटे टणक,
फळ औषधालासुद्धा नाही.
बाईंनी राख घातली, फांद्या छाटल्या,
मग शिव्या दिल्या.
वाइके म्हणजे आमच्याकडे शांत. नावापुरतं.

पाचव्या वसंतात एंडेल चष्मा लावून
कुंपणावर ओणवा, कळ्या न्याहाळत बसला.
"बाई, या सगळ्या बायाच आहेत!"
अख्ख्या वाडीला ऐकू गेलं.
"सहाच्या सहा. वारा आणणार काय, आणि कुठून?"

सप्टेंबरात त्याने ढकलगाडीवरून एक झुडूप आणलं,
आपल्या साउनामागचं, मुळांसकट मातीचा गड्डा.
वारा येतो त्या बाजूला लावलं.
"याला कधीच काही धरणार नाही,"
तो म्हणाला, हळू आवाजात,
इतक्या हळू की मी पत्रांचा गठ्ठा
उगीचच पुन्हा लावायला घेतला.

पहिलं वर्ष ते नुसतं रुसून उभं होतं.
दुसऱ्या वर्षी फांद्या दिसेनाशा झाल्या,
लाकडावर फळांचं अस्तर चढलं.
बाई रोज संध्याकाळी जाऊन
बोटांनी चाचपून यायच्या.

आणि जानेवारीत, इतक्या दिवसांनी,
डोळ्यांच्या शस्त्रक्रियेचं टालिनहून बोलावणं आलं.
ते पत्रही मीच दिलं.

त्या बोटीत बसल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी
करड्या मानेचे कस्तूर आले.
आधी सात-आठ, मग मोजणं सोडलं.
मी गाडी रस्त्यातच थांबवली.
एंडेल टोपी हातात धरून दारात उभा,
उणे चौदा, डोकं उघडं.
पाखरं खात होती, भांडत होती,
एकमेकांना ढकलून खात होती,
आणि पहिल्यांदाच तो माणूस गप्प होता.

दोन दिवसांत सगळं साफ.
बर्फावर नारिंगी शिंतोडे, फांद्या नागड्या.
"फोनवर सांगू नकोस," एंडेल म्हणाला.
"काय सांगणार? खानावळ चालली, मालकीण नव्हती?"

नवे डोळे घेऊन बाई परतल्या,
थेट कुंपणाकडे गेल्या.
आम्ही दोघं मागे, चोरी केल्यासारखे.
त्यांनी फांद्या पाहिल्या, मग खाली वाकून
बर्फावरची ती घाण पाहिली,
बराच वेळ.
"केवढा रंग आहे हा," म्हणाल्या.
"मला वाटायचं, तपकिरी असतील."

आता जूनमध्ये
त्यांच्या टपालपेटीच्या खांबाशी
एक काटेरी कोंब वर आलाय, वीतभर.
कुणी लावलेला नाही.
नर की मादी, ते कळायला चार वर्षं लागतील.
बाई पंचाऐंशीच्या पुढे गेल्यात, एंडेलचा गुडघा बोलतो.
मी पेटी उघडताना
पाय जरा बाजूला ठेवते.