उघडं पाणी

नवव्या दिवशी नळ येतो, रात्री पावणेदोनला.
नळाच्या आधी वास येतो,
आणि वासाच्याही आधी मला ठाऊक असतं
आज पावडर किती पडली ते.
जेवताना शुद्धोधन उजवा हात नाकापासून लांब धरत होता.

परतूरच्या टाकीवर तो क्लोरीन घालतो,
मी घरी ते काढते.
ह्याला संसार म्हणायचं.

निळ्या ड्रमवर झाकण नाही ठेवत मी.
जुन्या ओढणीचं फडकं, कडेनं सुतळी,
डास नको, बाकी वाऱ्याला मोकळीक.
"उघडं पाणी आन् उघडं तोंड, दोन्ही वाईट,"
शेजारच्या गयाबाई म्हणतात. म्हणू देत.
पिण्याचा माठ झाकलेलाच आहे,
त्यातलं औषध त्यातच राहू दे.
हे फक्त यशूच्या आंघोळीचं.

तीन वर्षांची आहे. गुडघ्यामागं, कोपराच्या घडीत
रात्रभर खाजवते झोपेत
आणि झोपेतच म्हणते, "मी नाही खाजवलं."

सकाळपर्यंत वास उडतो. खार उडत नाही.
काळ्या दगडातून आलाय, तो असा कसा जाईल.
साबण लावावा तर दह्यासारखा फुटतो.
म्हणून पातेलं गॅसवर, खळखळून उकळी,
मग नुसतं थांबायचं.
पांढरं खाली बसलं की वरचं वरचं ओतून घ्यायचं,
हात न हलवता.
हरभऱ्याचं पीठ, आणि अंग ओलं असतानाच
करडीचं तेल.

मेडिकलवाला सोनटक्के म्हणाला,
क जीवनसत्त्वाची गोळी विरघळवा, वास जागच्या जागी मरतो.
पाहुणे आले तेव्हा घातली एकदा, नारंगी.
यशू बादलीच प्यायला निघाली.

काल तो ड्युटीवरून आला,
तळहाताला भेगा, नखांभोवती सोललेलं कातडं,
रजिस्टरात सही करून: पाणी पिण्यास योग्य.
मोरीत गेला आणि ओरडला,
"ह्याला वास कसा नाही?"
घाबरला होता. खरंच.
त्याच्यासाठी वास नाही म्हणजे गावात जुलाब,
दवाखान्याची ओसरी भरलेली, वर चौकशी.

म्हटलं, यशूचं उरलंय, कालपासून उघडं होतं. घे.

बराच वेळ पाण्याचा आवाजच आला नाही.
नुसते हात बुडवून बसला असणार.
बाहेर आला तेव्हा कानामागं
साबणाच्या फेसाचा एवढासा ठिपका.
आमच्या घरात, फेस.
मी पुसला नाही.