कालवा रस्ता

पाणी कुठंच नाही, तरी पत्ता तोच.
इडवॉल अजून सांगतो: झडपेपाशी डावीकडे वळ,
मग चुन्याची भट्टी, मग ग्विनेथची खानावळ.
तिथं टायरांचं दुकान आहे. वेल्शमध्ये पाटी, इंग्रजीत भाव.

गोदामाची एक भिंत तेवढी राहिली;
दुसऱ्या मजल्यावर दार, खाली काहीच नाही.
नावेतून पोती वर जायची,
आणि एकदा, म्हणे, एक घाबरलेलं खेचर.

पुलाच्या लोखंडात दोरांनी कापलेल्या खाचा.
इडवॉल त्यांत बोटं घालतो,
मोजत नाही.

एमलिन इथंच बुडाला, त्याचा धाकटा.
कालवा बुजवला तेव्हा आईनं
खिडकीतून ट्रक मोजले: दोनशे बारा.
“एवढी माती होती यांच्याकडे,” म्हणाली,
“आणि त्या दिवशी
एक लांब काठी सापडली नाही.”